तुलनेसाठी दुसरा हात

मला वाचायची परवानगी नाही, फक्त काढायची.
श्वास रोखा. हलू नका. सोडा श्वास.
बावीस वर्षं एवढीच माझी भाषा,
भुसावळला, जामनेर रोडवर, शिशाच्या दाराआड.
पण डोळ्यांना कुलूप कोण लावणार?

वत्सलाबाई भारंबे, सावदा, वय एक्कावन्न.
केळीच्या वखारीत ओल्या पानावरून पाय सरकला,
बसल्या त्या कमरेवरच.
तिकडच्या फोटोत मोडलेलं काही नव्हतं,
पण खुब्याच्या गोळ्यात, भोवतालच्या हाडांत
पांढरे ठिपके, शेकड्यांनी,
आणि चिठ्ठीवर एक शब्द: पसरलेला. पुढे प्रश्नचिन्ह.
दवाखान्यातून घरी येताना
ते प्रश्नचिन्ह रिक्षात कुठेतरी पडलं.
घरी शब्द तेवढा पोचला.

आठ दिवसांत घराने पुष्कळ उरकलं.
पाटल्या सुनेच्या हातात गेल्या.
मुलीचं लग्न मार्गशीर्षातून वैशाखात आलं.
बिबड्यांसाठी भिजवलेली ज्वारी
म्हशीपुढे ओतली. यंदा कोण करणार, कोण खाणार.

आमच्याकडे आल्या तेव्हा लाइट गेलेली, जनरेटर खोकत होता.
टेबलावर झोपवताना त्यांनी माझी बाही धरली:
"खरं सांगजो भो, मले कोनी सांगत नाही."
मी म्हणालो, श्वास रोखा.

पडद्यावर तेच ठिपके.
खरं सांगायचं तर
मीही त्यांना दिवाळीपर्यंतच धरलं होतं.
डबा खाताना बायकोला फोनवर बोललोही.

डॉक्टर जुबेदा तडवी चहा गार होऊ देतात,
फोटोजवळ जातात, लांब येतात, परत जवळ.
मग आतून हाक: हातांचा काढा.
कोणत्या हाताचा?
दोन्ही. तुलनेसाठी.
दुखतंय कमरेत, मॅडम.
माहीत आहे. दोन्ही हात.

पंजे उताणे ठेवले. केळीच्या चिकाने काळी झालेली नखं,
ती फोटोत येत नाहीत.
आलं ते असं: मनगटाच्या लहान लहान हाडांत ठिपके,
बोटांच्या सांध्यांशी ठिपके, लांबट, एका मापाचे,
डावीकडे तेवढेच उजवीकडे,
हाडाच्या मधल्या नळीत मात्र जवळजवळ नाहीत.
"तो आजार एवढा शिस्तीचा नसतो,"
डॉक्टर म्हणाल्या, माझ्याकडे न बघता,
"सख्खं कोण आहे यांचं?"

सख्खा होता, यावलला. मुरलीधर फालक.
विहिरीच्या पाळीवरून नऊ वर्षं अबोला.
तिसऱ्या दिवशी आला, दारातच उभा,
बहीण मरायला टेकली म्हणून आलेला माणूस,
आणि मी त्यालाच म्हणतोय, शर्टाच्या बाह्या वर करा.

त्याच्याही मनगटात तेच.
बाहेर बाकावर बहिणीचं, आत पडद्यावर भावाचं,
नाव झाकलं असतं तर मी सांगू शकलो नसतो
कुणाचं कोणतं.

"म्हनजे मलेबी?" तो खुर्चीत बसला.
तेव्हा वत्सलाबाई हसल्या. मोठ्याने.
बाकीचे पेशंट वळून बघू लागले.

डॉक्टरांनी नाव लिहून दिलं, ओळभर लांब,
मुलाने दोनदा वाचून पाहिलं, सोडून दिलं.
"अंगावर तीळ असतो ना, तसे हाडात आहेत.
जन्माचे. त्यांना काही करायचं नाही.
हा कागद सांभाळा. पुढे कुणी फोटो काढला
तर आधी हा दाखवा, मग फोटो."

"मंग दुखतं कायले?"
"पडलात म्हणून."
"पडली म्हनून," त्या भावाला सांगू लागल्या,
जणू फार मोठा शोध, "पडली म्हनून रे."

जाताना दोघं एका रिक्षात बसले की नाही, पाहिलं नाही.
पुढचा पेशंट आत होता, छाती, उभा फोटो.

जूनच्या आधी काउंटरवर एक पिशवी आली, वर नाव नाही.
बिबडे. वरचा एक प्रवासात मोडलेला.
सवयीने मी तो ट्यूबलाइटकडे धरला,
तीळ पाहिले, कडेला किती, मधे किती.
मग लाज वाटली,
आणि कच्चाच खाल्ला.